मधली दोन मिनिटं

रात्री सव्वादोनच्या सुमाराला मुंबई विमानतळाच्या टॉवरमधून पूर्वेकडे पाहिलं की २७ नंबरच्या धावपट्टीच्या तोंडाशी विमानांचे लाल दिवे एकामागे एक लुकलुकताना दिसतात. सगळ्यात पुढे लांब पल्ल्याचं बोइंग ७७७. टाक्या तुडुंब, त्यामुळे धावतं जास्त आणि उठतं सावकाश. त्याची चाकं सुटली की मी स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, वेळ टिपते. तोवर मागचं ए-३२० धावपट्टीवर येऊन उभं राहिलेलं असतं. पायलट तयार, समोर धावपट्टी रिकामी, उतरणारं विमान अजून लांब, हवा स्वच्छ. तरी मी त्याला सोडत नाही. दोन मिनिटं तिथेच उभं ठेवते.

एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय म्हणून जी मुलं-मुली मला भेटतात ती बहुतेक रडारबद्दल, पगाराबद्दल आणि कटऑफबद्दल विचारतात. ते सगळं सांगते. पण ह्या कामाची ओळख करून द्यायची तर मी ह्या दोन मिनिटांपासूनच सुरुवात करते. निघालेल्या प्रत्येक विमानामागे थोडी जागा रिकामी ठेवायची असते. ती दिसत नाही, तिची खूण कुठे आखलेली नसते, आणि ती भरून टाकायची घाई सगळ्यांनाच असते. ती जागा राखण्याचा पगार आम्हाला मिळतो.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेला असाल तर आठवून पाहा. मोठी बोट बाजूने जाते तेव्हा लाँचला काही होत नाही. बोट बरीच पुढे गेल्यावर, आपण तिला विसरल्यावर लाट येते आणि सगळ्यांना बाकाची कड धरावी लागते. हवेत तसंच होतं, फक्त लाट दिसत नाही. पंखाखालची जास्त दाबाची हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर जायला बघते, आणि दोन्ही टोकांमागे दोन आडवे भोवरे सुटतात. रेडिओवर ह्याला ‘वेक टर्ब्युलन्स’ म्हणतात. विमान जितकं जड, जितकं हळू आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्या, जितके आत घेतलेले, तितका भोवरा जबर. मागून येणारं छोटं विमान त्यात सापडलं तर ते एका अंगावर कलंडतं, आणि पायलटने हँडल पूर्ण विरुद्ध फिरवलं तरी ऐकत नाही. टेक-ऑफच्या वेळी खाली सावरायला उंचीच नसते.

हे भोवरे मिनिटाला तीन-चारशे फूट ह्या बेताने खाली बसत जातात. जमिनीजवळ आले की दोन-तीन नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल) वेगाने बाजूला सरकू लागतात. वारा मंद आणि बाजूने असेल तर एक भोवरा बाहेर सरकायला बघतो, वारा त्याला मागे लोटतो, दोघांची बरोबरी होते आणि तो धावपट्टीवरच रेंगाळतो. म्हणून वारा पडलेल्या शांत रात्री मी जास्त जपते. जुलैतल्या सोसाट्याच्या वाऱ्यात भोवरा लवकर मोडतो. वादळी हवा म्हणजे धोका आणि शांत हवा म्हणजे आराम, हे आपलं घरगुती गणित इथे लागू पडत नाही.

इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या मूळ वर्गवारीप्रमाणे ७ टनांपर्यंतचं विमान लाइट, त्यावरचं मीडियम, १३६ टन आणि त्याहून जास्त कमाल वजनाचं हेवी. ए-३८०साठी सुपर हा वेगळा वर्ग आहे. ए-३२० साधारण ७९ टनांचं, म्हणजे मीडियम. ७७७-३०० ईआरचं कमाल वजन ३५१ टन. एकाच धावपट्टीवरून हेवीच्या मागे मीडियम किंवा लाइट निघणार असेल तर दोन मिनिटं. मीडियमच्या मागे लाइट, तरी दोन. ए-३८०च्या मागे मीडियम किंवा लाइट असेल तर तीन. आणि मागचं विमान धावपट्टीच्या टोकाऐवजी मधल्याच टॅक्सीवेवरून (धावपट्टीला येऊन मिळणाऱ्या रस्त्यावरून) निघणार असेल तर ह्यात एक-एक मिनिट वाढतं.

हे शेवटचं नवीन मुलांच्या हातून हमखास निसटतं. एरवी मागचं हलकं विमान जड विमानाच्या आधीच जमीन सोडतं आणि भोवऱ्याच्या वरून चढत जातं. तेच मधून निघालं की त्याची चाकं सुटायची जागा पुढे सरकते आणि ते भोवऱ्याच्या खालून वर येतं. टॅक्सी कमी करावी लागते म्हणून पायलटला मधूनच निघणं सोयीचं वाटतं, तो तसं मागतोही. द्यायला हरकत नाही, पण तिसरं मिनिट त्याला आधी सांगा. इंजिन चालू ठेवून उभं राहायचं की टोकापर्यंत जायचं, हे मग तो ठरवेल.

१२ नोव्हेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून एक ए-३०० एका ७४७च्या मागे निघालं आणि त्याच्या भोवऱ्यात सापडलं. अपघात एकट्या भोवऱ्याने झाला नाही. सहवैमानिकाने सावरताना रडर, म्हणजे शेपटीची उभी हलती फळी, पायाने इतकं जोरात आणि आलटून-पालटून दाबलं की शेपटीचा उभा पंखच तुटून पडला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसं गेली. मी हा अपघात शिकाऊ मुलांना सांगते, कारण पुस्तकातलं अंतर राखूनही आकाशात दुसऱ्या माणसाच्या हातापायांत काय चाललंय ते आपल्याला दिसत नसतं. म्हणून आपल्या हातात जेवढं आहे त्यातला सेकंदही कापायचा नाही.

आता इथवर कसं यायचं ते सांगते.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी. अशी काही नोकरी असते हेच मला माहीत नव्हतं. एका मैत्रिणीने जाहिरातीचं कात्रण आणून दिलं. भारतीय विमानतळ प्राधिकरण ‘ज्युनियर एक्झिक्युटिव्ह – एअर ट्रॅफिक कंट्रोल’ ह्या पदासाठी भरती करतं. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बीएस्सी, किंवा कुठल्याही एका सेमिस्टरला हे दोन विषय असलेली इंजिनीअरिंगची पदवी लागते. खुल्या गटाला वयाची अट २७ वर्षांची. परीक्षा कॉम्प्युटरवर होते: १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निम्मा पेपर इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनाचा, निम्मा फिजिक्स-मॅथ्सचा. फिजिक्सचा पाया बारावीचा आणि पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा पक्का करा. महागडे क्लास लावल्याशिवाय होत नाही असं मला तरी वाटत नाही. पुढे व्हॉइस टेस्ट, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी. चष्मा असला म्हणून खचू नका, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर तो आधीच तपासून घ्या. सगळी तयारी करून शेवटच्या पायरीवर ते कळलेलं मी जवळून पाहिलंय, फार जिव्हारी लागतं. पगाराची श्रेणी ४०,००० रुपये मूळ पगारापासून सुरू होते, भत्ते वेगळे. बाँड लिहून द्यावा लागतो, तो घरच्यांसोबत नीट वाचा.

प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला होतं. प्रयागराजचं कॉलेज १९४८पासूनचं आहे. गोंदियाचं बिरसी विमानतळाजवळ आहे, आणि विदर्भातल्या कित्येक मुलांना आपल्या दारात एवढी संस्था आहे ह्याचा पत्ताही नसतो. पोस्टिंग देशात कुठेही मिळतं. पुण्यात घर आहे म्हणून पुणे मागाल तर लोहगावचा टॉवर हवाई दलाकडे आहे आणि गोव्यात दाभोळीचा नौदलाकडे. आपली माणसं तिकडे मुंबई, नागपूर, मोपा अशा ठिकाणी असतात. पहिलं पोस्टिंग लांब पडलं तर मन खट्टू करू नका. छोट्या विमानतळावर रेटिंग, म्हणजे एकट्याने काम करायची परवानगी, लवकर हाती येतं आणि एकाच माणसाला कामाच्या सगळ्या बाजू पाहायला मिळतात.

प्रशिक्षणातला एक दिवस मी विसरलेले नाही. सिम्युलेटरवर माझी पाळी होती. पडद्यावर एक हेवी निघालं, मागे चार आसनी शिकाऊ विमान होतं, आणि पाच मैलांवर उतरणारं तिसरं. माझं सगळं लक्ष त्या तिसऱ्याकडे. ते पोचायच्या आत धावपट्टी मोकळी करायची म्हणून मी छोट्याला टेक-ऑफ देऊन टाकला. हेवीला निघून पन्नास सेकंद झाले होते. सरांनी एक्सरसाइज थांबवली. पडदा गोठला. ते रागावले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाले, “आता दोन मिनिटं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.”

आम्ही बारा जण गप्प बसलो. सेकंदकाटा एक फेरा मारून आला तेव्हा मला वाटलं झालं, तर निम्मंच झालं होतं. पंख्याचा आवाज, कुणाच्या तरी पेनाची टकटक, खिडकीबाहेर गवत कापणारं मशीन. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. संपल्यावर सरांनी एवढंच विचारलं, “ह्या वेळात तुला काय काय करता आलं असतं?” दुसऱ्या दिवशी तीच एक्सरसाइज परत दिली. ह्या वेळी मी हेवी निघाल्या निघाल्या छोट्याला होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीच्या बाहेर, थांबवलं, उतरणाऱ्याला उतरवून घेतलं, त्याला टॅक्सीवेवर वळवलं, छोट्याला धावपट्टीवर घेतलं आणि घड्याळ पाहून सोडलं. दोन मिनिटं भरली आणि वायाही गेली नाहीत. उतरणारं विमान धावपट्टीच्या सुरुवातीलाच टेकतं, हेवीने जमीन सोडली ती जागा बरीच पुढे, म्हणून त्याला त्या भोवऱ्याचा त्रास नव्हता. ही बुद्धी आदल्या दिवशीही माझ्याकडे होती. नियमही पाठ होता. पण उतरणाऱ्याची घाई माझ्या अंगात शिरली होती. तेव्हापासून कुणालाही टेक-ऑफ देण्याआधी मी एकच प्रश्न स्वतःला विचारते: ही घाई कुणाची आहे?

मुंबईत हा प्रश्न रोज शेकडो वेळा पडतो. इथे दोन धावपट्ट्या आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते. ह्या एका धावपट्टीवर तासाला ४६ विमानं घेतली गेलेली आहेत. ३६०० सेकंदांना ४६ने भागा, एका विमानाच्या वाट्याला ७८ सेकंद येतात. ११ नोव्हेंबर २०२३ला चोवीस तासांत १,०३२ विमानं ये-जा करून गेली. रात्र, पहाट, पाऊस, पक्षी, सगळं धरून दर ८४ सेकंदांना एक.

हे जमतं कसं ते जवळून दाखवते. उतरायला येणारी दोन विमानं एकमेकांमागे सहा मैलांवर आहेत असं धरा. इथला मैल समुद्री, १,८५२ मीटरचा. शेवटच्या टप्प्यात ती साधारण १४० नॉटने येतात, म्हणजे सहा मैलांना १५४ सेकंद. एवढ्या फटीत मला एक विमान सोडायचं असतं. पहिलं टेकतं, निघणाऱ्याच्या नाकासमोरून पुढे जाताच मी निघणाऱ्याला त्याच्या मागून धावपट्टीवर येऊन थांबायला सांगते. उतरलेलं विमान वेग कमी करून वळणापर्यंत पोचायला पन्नासेक सेकंद घेतं. त्याची शेपटी धावपट्टीच्या रेषेबाहेर पडलेली मी डोळ्यांनी पाहते. मग टेक-ऑफ. इंजिनांचा जोर चढून चाकं सुटेपर्यंत आणखी चाळीसेक सेकंद. तोवर दुसरं उतरणारं दोन-अडीच मैलांवर आलेलं असतं. ह्यात पायलटने ‘एक मिनिट, केबिन तयार नाही’ म्हटलं, किंवा उतरलेल्याचं वळण चुकून ते पुढच्या वळणापर्यंत गेलं, की फट बुजते. अशा वेळी फट बुजली हे आपणच आधी मान्य करायचं आणि निघणाऱ्याला उभं ठेवायचं. तो धावपट्टीवरच असेल तर येणाऱ्याला ‘गो अराउंड’ सांगून परत वर पाठवायचं. गो अराउंड दिला म्हणजे आपण हरलो असं नवीन कंट्रोलरला वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. माझ्या मते ज्याने वर्षभरात एकदाही गो अराउंड दिला नाही, त्याच्या फटी जरा तपासून पाहाव्यात.

भोवऱ्याचा प्रश्न नसला तरी निघणाऱ्यांमधलं अंतर आपोआप राहत नाही. एटीआर, म्हणजे पंख्यांचं सावकाश उडणारं विमान, पुढे आणि जेट मागे, दोघंही एकाच दिशेला. दोघं मीडियम, भोवऱ्यासाठी थांबायची गरज नाही. पण एटीआर १६० नॉटने चढतंय आणि जेट २४०ने, असं धरून हिशेब करा. जेट तीन मिनिटांनी सोडलं तर तोवर एटीआर आठ मैल पुढे गेलेलं असतं, म्हणून भरपूर जागा आहे असं वाटतं. फरक ८० नॉटचा, म्हणजे मिनिटाला सव्वा-दीड मैल खाल्ला जातो. सव्वादोन मिनिटांत आठाचे पाच मैल होतात. टॉवरमधून दोघं दिसेनाशी झालेली असतात, आणि ही डोकेदुखी आपण अॅप्रोचच्या, म्हणजे टॉवरनंतर विमान सांभाळणाऱ्या रडार कंट्रोलरच्या, ताटात वाढलेली असते. उलट जेट आधी सोडलं तर अंतर आपोआप वाढत जातं. ज्यांच्याकडे रडार नाही अशा ठिकाणचे नियम ह्याच विचारावर उभे आहेत. पुढचं विमान मागच्याहून ४० नॉटने किंवा जास्त वेगवान असेल आणि वाट एकच असेल तर दोन मिनिटं पुरतात. टेक-ऑफनंतर लगेच दोघांच्या वाटा ४५ अंशांनी किंवा जास्त फाकणार असतील तर एकच मिनिट. आणि मागच्याला त्याच वाटेवर पुढच्याच्या उंचीतून वर चढून जायचं असेल तर पाच मिनिटं.

हे आकडे पाठ करा, परीक्षेला लागतातच. पण प्रत्येक आकड्यामागे कागदावर दोन रेघा ओढून पाहा. माझ्याजवळ अजून ती वही आहे, दोनशे पानी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसत्या रेघा आणि घड्याळाच्या वेळा. छोट्या विमानतळावर पहिल्या पोस्टिंगला मला ती वहीच उपयोगी पडली. तिथे रडार नव्हतं. आकाश मी त्या रेघांवरून डोक्यात मांडायचे.

मराठी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात जास्त भीती इंग्रजीची असते, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. लायसन्ससाठी इंग्रजीची इकाओची सहा पायऱ्यांची मोजणी आहे, किमान चौथी पायरी लागते. तिथे साहेबी उच्चार कुणी मागत नाही. स्पष्ट, एका लयीत, न अडखळता बोलणं आणि ऐकलेलं नीट समजणं एवढंच बघतात. रेडिओवरची वाक्यं तर ठरलेली असतात. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’ म्हणायचं, कारण खरखरीत हे आकडे एकमेकांत मिसळतात. मी रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर उभ्या गाड्यांचे नंबर एक-एक आकडा सुटा करून मोठ्याने वाचायचे. महिनाभरात जीभ वळली. अवघड जातं ते बोलणं नाही, ऐकणं. पायलट आपलंच वाक्य परत म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात. ते ऐकताना मन पुढच्या विमानाकडे धावतं आणि आपल्याला हवं तेच ऐकू येतं. रीडबॅक संपेपर्यंत बोट स्ट्रिपवरून हलवायचं नाही, ही सवय मला माझ्या पहिल्या वॉच सुपरवायझर मॅडमनी लावली.

एक शब्द मात्र जिभेवर कुलूप लावून ठेवायचा: ‘टेक-ऑफ’. २७ मार्च १९७७ला टेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एकाने निघाल्यानंतरच्या मार्गाची परवानगी ऐकली आणि ‘आम्ही आता टेक-ऑफला’ अशा अर्थाचं काहीसं मोघम बोलून धाव घेतली. टॉवरने थांबायला सांगितलं, त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ म्हटलं, आणि दोन्ही आवाज एकमेकांवर पडून तिकडे नुसती शिटी ऐकू गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त टेक-ऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. पायलटने विचारलं ‘किती वेळ?’ तरी उत्तरात तो शब्द येता कामा नये. शिकाऊ मुलगा चहा पिताना जरी तो शब्द सैलपणे वापरायला लागला तरी मी त्याला तिथेच थांबवते.

आपल्या देशातला धडा चरखी दादरीचा. १२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदी ७४७ वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीला उतरायला खाली येत होतं. दोघं एकाच वाटेवर समोरासमोर. चढणाऱ्याला १४,००० फुटांवर थांबवलं होतं, उतरणाऱ्याला १५,०००वर. मध्ये हजार फूट, नियमाप्रमाणे पुरेसे. उतरणारं विमान आपल्या उंचीच्या खाली आलं. दोन्ही विमानांतली ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानात टक्कर टाळणारं टीकास यंत्र सक्तीचं झालं, दिल्लीला उंची दाखवणारं रडार आलं. त्या दिवशी कंट्रोलरने दिलेला हजार फुटांचा आकडा बरोबर होता, आणि मला सगळ्यात जास्त हेच अस्वस्थ करतं. त्या एका आकड्यामागे दुसरा आधार नव्हता. म्हणून निघालेल्या विमानाला उंची देताना मी बघते की ती उंची त्याने मोडली तर त्याच्या वाटेत कुणी आहे का. असेल तर आधी वाट फाकवते.

कामाच्या दिनक्रमाबद्दल मुलं कमी विचारतात, पालक जास्त. सकाळ, दुपार, रात्र अशी पाळी फिरते. एका पोझिशनवर दोन तासांहून जास्त सलग बसू देत नाहीत, मग विश्रांती. त्या अर्ध्या तासात मोबाइल बघत बसण्यापेक्षा डोळे मिटून पडणं बरं, हे सगळ्यांना उशिरा कळतं. दिवाळीची पहाट मी बऱ्याचदा टॉवरमध्ये पाहिली. ८३.८ मीटर उंचीवरून सगळ्या उपनगरांत कंदील लागलेले दिसतात. आई म्हणते, घरी असतीस तर बरं झालं असतं. मलाही तसं वाटतं. रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागणार नसेल, तर ह्या कामात शरीर लवकर बोलायला लागतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि झोपेच्या वेळी दारावरची बेल बंद ठेवायची सवय त्यांना लावा. झोप अपुरी असेल तर पोझिशनवर बसण्याआधी सुपरवायझरला सांगायला लाजू नका.

रेटिंगच्या परीक्षेआधी काही महिने तुम्ही खऱ्या विमानांशी बोलता, पण मागे प्रशिक्षक बसलेला असतो. त्याचा हेडसेट तुमच्याच पॅनलला दुसऱ्या जॅकमध्ये लावलेला असतो. तुम्ही चुकलात तर तो तुमच्यावरून बोलू शकतो. पाठीला त्याच्या असण्याची सवय होते. रेटिंग मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी एकटी बसले तेव्हा सतत तो रिकामा जॅक बघत होते. माझ्या आधीच्या सहकाऱ्याने पोझिशन सोपवताना वारा सांगितला, क्यूएनएच, म्हणजे उंचीमापक लावायचा हवेचा दाब, सांगितलं, कुठला टॅक्सीवे बंद आहे ते सांगितलं, आणि उठता उठता म्हणाला, “हेवी आत्ता गेलंय, होल्डिंग पॉइंटवर मीडियम आहे. सत्तर सेकंद अजून तुझ्याकडे.”

त्याने सुरू केलेली दोन मिनिटं मला पुरी करायची होती. मीडियमच्या पायलटने रेडी म्हणून कळवलं. मी त्याला धावपट्टीवर येऊन थांबायला सांगितलं, त्याने ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. विमान सावकाश वळलं, मधल्या रेषेवर आलं, थांबलं. हेवीचा दिवा समुद्राकडे बारीक होत गेला. चाळीस सेकंद. तीस. पायलटने पुन्हा विचारलं, आवाजात थोडी घाई होती. मी म्हणाले, “होल्ड पोझिशन, वेक टर्ब्युलन्स.” त्याने रीडबॅक दिला. मी वारा परत एकदा पाहिला, धावपट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, उतरणाऱ्याचं अंतर पाहिलं. काटा जागेवर आला तेव्हा माइकचं बटण दाबलं.